खांद शेकलेली गाडी

मित्रांनो, पातूरच्या बाहेर डोंगराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पुंजाराम यांचा वांग्या-टमाट्यांचा मळा आहे. त्या मळ्यात टिनाच्या छपराखाली, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी आणि भाजीचे रिकामे क्रेट यांच्या मधोमध एक थोराड काळी गाडी उभी असते. ती मी. माझ्या टपावर कोंबड्या बसतात आणि माझ्या आरशात चिमण्या स्वतःशीच भांडतात. हे माझ्या नशिबात असेल असे मला जन्माच्या वेळी कोणी सांगितले असते, तर मी हसले असते.

कारण जन्माने मी विलायती. जिथे माझे अंगांग जोडले गेले, तिथे माणसे पांढरे हातमोजे घालून काम करीत. तुमच्या गावातल्या जीपला चाकांवर लोखंडी स्प्रिंगा आणि पट्टे असतात. मला त्या जागी रबराचे चार फुगे दिले. मेकॅनिक लोक त्यांना बलून म्हणतात. पोटातला एक लहानसा कॉम्प्रेसर त्या फुग्यांत हवा भरतो. रस्ता खराब आला की मी वर उठते, चांगला आला की खाली बसते. खड्ड्यातून गेले तरी आतल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही. लहानपणी मला याचा फार गर्व होता. आता तो निम्मा उरला आहे, आणि जो उरला आहे तो वेगळ्या कारणाने.

माझे पहिले मालक नागपूरचे एक मोठे कंत्राटदार. त्यांनी मला थाटात वापरले, लग्नांत मिरवले आणि नवे मॉडेल येताच अमरावतीच्या जुन्या गाड्यांच्या आवारात नेऊन सोडले. तिथे मी उन्हात उभी राहिले. लोक येत, दार उघडत, गादीवर हात फिरवत आणि म्हणत, "पांढरा हत्ती हाय बाप्पा, पोसन कोन?" मी काळी असूनही मला पांढरा हत्ती का म्हणतात, हे समजायला मला वेळ लागला.

मग एक दिवस नितेश आला. पुंजारामांचा हा मुलगा. त्याच्या नखांत मळ्यातली काळी माती होती. तो गादीवर बसला नाही, इंजिनही पाहिले नाही. त्याने फक्त एक विचारले, "खड्ड्यात आदळते का?" आवारातल्या माणसाने त्याला समोरच्या उखडलेल्या रस्त्यावर फिरवून आणले. नितेशने परत येऊन मान हलवली आणि मी पातूरची झाले.

त्या प्रश्नामागचे कारण मला मळ्यात आल्यावर कळले. नितेशची आई पार्वताबाई मळ्यातल्या ओल्या पाटावर घसरून पडली होती. अकोल्याला तिच्या मणक्याचे ऑपरेशन झाले होते. पाठीत लोखंडी पट्टी बसवली होती आणि डॉक्टरांनी बजावले होते की हिला गचके बसता कामा नयेत. पण व्यायामासाठी तर वरचेवर अकोल्याला न्यायचे. भाड्याच्या जीपमध्ये ती ओठ दाबून बसायची आणि घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढत नसे. ते पाहून नितेशने गावाचे टोमणे सोसायचे ठरवले. भाजीवाल्याच्या दारात ही असली गाडी आली, म्हणून पारावर बरीच करमणूक झाली.

पहिल्या फेरीला पार्वताबाई मागच्या गादीवर बसली, तेव्हा घाबरून तिने दोन्ही हातांनी दार धरले होते. पातूर सोडल्यावर तिचा एक हात सुटला. थोड्या वेळाने दुसरा सुटला. नितेशने आरशात पाहिले तर आई तोंड उघडे टाकून झोपली होती. अकोल्यात तिला उठवावे लागले. उतरताना तिने माझ्या दारावर थाप मारली आणि म्हणाली, "हे गाडी हाय का पाळणा व?" मित्रांनो, नागपूरच्या कंत्राटदाराने मला कधी काही म्हटले नव्हते.

पुंजारामांचे मात्र माझ्याशी सुरुवातीला जमले नाही. त्यांच्या मते गाडी म्हणजे जिच्यात माल भरता येतो ती. एकदा नितेश नसताना त्यांनी माझ्या मागच्या बाजूला वांग्याची पोती कोंबली, तर मी मागून दबले, माझ्या सवयीने वर उचलली गेले आणि पुन्हा सपाट झाले. पुंजाराम बाजूला झाले. त्यांनी आणखी एक पोते टाकले. मी पुन्हा तोल सावरला. त्यांनी कमरेवर हात ठेवले आणि मला बराच वेळ न्याहाळले. "ओझं समजते हिले," ते म्हणाले. "शिंगऱ्यावानी खांदा देते."

शिंगऱ्या हा त्यांच्या शेवटच्या जोडीतला बैल. ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागल्यावर त्यांनी ती जोडी विकली होती. गोठ्यात आता खताच्या गोण्या होत्या. जोडी गेल्यापासून पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पुंजाराम घरात थांबत नसत, असे पार्वताबाई सांगायची. आमच्या वऱ्हाडात त्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. वर्षभर जू वाहून खांदे सुजलेले असतात, घट्टे पडलेले असतात. त्यांना गरम तूप आणि हळद चोळायची, पळसाची पाने निखाऱ्यावर धरून त्यांनी शेक द्यायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण द्यायचे. ज्याने जन्मभर हे केले आहे, त्याने रिकाम्या हातांनी कुठे जावे?

मी आले त्या वर्षी मात्र पुंजाराम कुठेही गेले नाहीत. सूर्य कलल्यावर ते छपराखाली आले. हातात वाटी होती, वाटीत तूप-हळद होते. ते माझ्या मागच्या चाकाशी बसले, हात आत घातला आणि चाकाच्या वरचा माझा रबरी फुगा चाचपला. तो त्यांना खांद्यासारखाच लागला असावा. गोल, काळा, मऊ आणि ओझ्याखाली दबलेला. मग त्यांनी कोमट तूप चोळायला सुरुवात केली. दोन्ही मागच्या फुग्यांना चोळले, घड्यांच्या आत बोटे घालून चोळले. पळसाच्या पानांनी शेकले.

"वर्षभर माह्या बुढीले पाठीवर घेऊन हिंडली तू," ते म्हणाले. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

दुसऱ्या दिवशी माझ्या बॉनेटवर पुरणपोळीचा नैवेद्य आला आणि आरशांना झेंडूच्या माळा आल्या. मला कोणी इतक्या मायेने कधी हात लावला नव्हता. पुढच्या वर्षीही पुंजारामांनी खांद शेकली. त्या वेळी पार्वताबाई अजून बाजेवरच असली तरी तिचे दुखणे थोडे कमी झाले होते, म्हणून तूप जरा सढळ होते.

आणि त्या दुसऱ्या पोळ्यानंतर, दसऱ्याच्या सुमारास, मी बसू लागले.

सकाळी लोक पाहत तेव्हा माझा डावीकडचा मागचा कोपरा जमिनीकडे झुकलेला असे. इंजिन चालू केले की कॉम्प्रेसर घरघर करून मला उभे करी, पण रोज जरा जास्त वेळ लागे. समोर एक पिवळा दिवा लागला आणि विझेना. नितेशने मला अकोल्याला सूर्यभानकडे नेले. सूर्यभान ट्रॅव्हल्सच्या बसगाड्यांचे बलून बदलण्यात तरबेज. माणूस हुशार, पण बोलण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. मी त्याच्या दारात पोचेपर्यंत पार खाली बसले होते. त्याने मला तशीच बसलेली ठेवून चाकांखालून जॅकवर घेतले, बलूनवर साबणाचे पाणी मारून पाहिले, बुडबुडा दिसला नाही. मग कॉम्प्रेसरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"चटका बसते इतका तापला," तो म्हणाला. "हाच मेला हाय. नवा टाकतो, गाडी उड्या मारीन."

नवा कॉम्प्रेसर बसला. मी खरोखर उठले. सूर्यभानने माझ्या पाठीवर थाप मारली आणि दोन चहा मागवले. पण मित्रांनो, कॉम्प्रेसर बिचारा आपण होऊन मेला नव्हता. हवा कुठून तरी झिरपत होती आणि ती भरून काढता काढता तो थकून गेला होता. गळक्या रांजणात पाणी भरणाऱ्या माणसाला आळशी म्हणून हाकलावे आणि दुसरा माणूस आणावा, असे झाले. दुसराही लवकरच थकणार, हे मला ठाऊक होते. मला सांगता येत नव्हते.

याच दिवसांत धामणगाव रेल्वेहून फोन आला. नितेशची बहीण चंदा तिथे सासरी असते. तिला मुलगी झाली. पहिले बाळंतपण खरे तर माहेरी व्हायचे, पण माहेरची आई स्वतःच बाजेवर पडलेली, म्हणून चंदा आलीच नाही. पार्वताबाईला त्याचे फार लागले होते. ती कोणाला बोलली नाही, पण माझ्याशेजारी बाज टाकून ती दिवसभर पडून असे, त्यामुळे मला माहीत आहे. बाळासाठी शिवलेले झबले ती उशाखाली ठेवी आणि कोणी नसले की काढून पाही.

चंदा फोनवर म्हणाली, "आई, तू आल्याबिगर मी नाव ठेवतच नाई. बारसं थांबवलं मी."

"सासरचे काय म्हनतीन व?"

"म्हनू दे. तू ये."

धामणगाव म्हणजे अकोला ओलांडायचे, मूर्तिजापूर ओलांडायचे, बडनेरा ओलांडून आणखी पुढे जायचे. एवढा पल्ला पार्वताबाईला दुसऱ्या कुठल्याही गाडीत झेपणार नव्हता. डॉक्टर म्हणाले, त्या हवेच्या गाडीतून न्या, दुसरीतून नेऊ नका. बारशाचा दिवस ठरला. आणि मी पुन्हा बसले. या वेळी अशी बसले की कॉम्प्रेसरने कितीही घरघर केली तरी डावी बाजू उठेना. चाक वरच्या पत्र्याच्या कमानीला टेकले. मळ्यातून बाहेर पडणेही अवघड झाले.

नितेश चिडला. नवा कॉम्प्रेसर टाकून झाला होता, तरी परत तेच. पारावरच्या लोकांनी सल्ले दिले. बलून काढून फेका आणि लोखंडी स्प्रिंगा टाका, सगळे तसेच करतात. स्प्रिंगेला ना हवा लागते, ना कॉम्प्रेसर. मग मी जन्मभर बसणार नव्हते, पण पाळणाही राहणार नव्हते. जीपसारखी जीप झाले असते. नितेशला हे कळत होते. तरी उभीच न राहणारी गाडी काय कामाची? त्याने सूर्यभानला फोन केला. सूर्यभान स्वतः मळ्यात आला, सोबत दोन जाडजूड स्प्रिंगा आणल्या आणि त्या माझ्याशेजारी जमिनीवर ठेवल्या. त्यांच्याकडे पाहून माझे जे काही काळीज असेल ते गोठले. पार्वताबाई बाजेवरून त्यांच्याकडेच पाहत होती.

"भाऊ, हे टाकल्यावर धामनगावले जाता येईन का मले?" तिने विचारले.

सूर्यभानने पाना हातात फिरवला. "थोडं आदळन, मावशी," तो शेवटी म्हणाला.

पार्वताबाईने झबल्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "एक सांगू का? तुमाले हासू येईन."

"सांगा ना."

"मले दिवसभर हिच्याजोळच पडा लागते. हे उभी असली का तिकडून सू सू असा आवाज येते. बसली का गप्प. तुमी हिले बसल्यावर तपासली ना? माही पाठ बी बसल्यावर नाई दुखत, भाऊ. उभी रायली का दुखते. दुखनाऱ्याले बसवून इचारलं, तर तो म्हननच का आता बरं हाय."

सूर्यभानला हसू आले नाही. त्याने पाना खाली ठेवला. बसलेल्या गाडीत फुग्याचे रबर घडीवर घडी पडून दाबले जाते आणि चीर असेल तर ती घडीत मिटून जाते, हे त्याला चांगले माहीत होते. बसवाल्यांना तो हे रोज सांगत असे. माझ्या वेळी तापलेला कॉम्प्रेसर हाताला लागला आणि तो तिथेच थांबला होता. "मी घाई केली, मावशी," तो म्हणाला. "हिले उभी करतो, मंग पाहू."

त्याने मला जॅकवर उचलले, टायरमध्ये हवा भरायचा आपला पंप थेट बलूनच्या नळीला जोडला आणि मला पूर्ण उंच केले. साबणाचे पाणी मारायला पुंजारामांनी फवारणीचा पंप स्वच्छ धुऊन पाठीवर घेतला. भाजीवर औषध मारतात तशी त्यांनी नोझल माझ्या चाकाच्या आत धरली आणि बारीक फवारा सोडला.

वरच्या जोडाजवळ काही नाही. नळीपाशी काही नाही. फवारा खाली आला, उलगडलेल्या घडीवर पडला, आणि तिथे फेस उसळला. लहान लहान बुडबुडे एकामागून एक फुगत होते आणि फुटत होते. पार्वताबाईला ऐकू येणारा आवाज आता सगळ्यांना ऐकू आला.

सूर्यभान डोके आत घालून पाहू लागला. त्याने बोट फिरवले, बोट बाहेर काढले आणि त्याचा वास घेतला.

"हे पिवयं पिवयं काय हाय?" तो म्हणाला. "रबर फुगलं हाय, चिरा पडल्या. अन् हे पाहा, उंदरानं दात मारले. रबराले उंदीर कायले येते? तुपाचा वास येऊन रायला बाप्पा इथं!"

फवारणीचा पंप पुंजारामांच्या पाठीवरच होता आणि नोझलमधून पाणी ठिबकत होते. ते ज्या जागेकडे पाहत होते, तिथेच त्यांनी बोटे घालून चोळले होते.

"खांद शेकली होती म्या," ते म्हणाले. "पोळ्याची."

नितेशला आधी हसू फुटले. पण बापाचा चेहरा पाहून ते मध्येच विझले. सूर्यभान शेतकऱ्याच्या घरातला होता. खांद शेकणे म्हणजे काय, हे त्याला सांगावे लागले नाही. तो मातीत मांडी घालून बसला आणि नेहमीपेक्षा हळू बोलला. "काका, बैलाची कातडी तूप पिते. रबराले तेल-तूप चालत नाई. ते आतून कुजवते. तुमचं काही वाईट नोतं मनात. पन हिचा खांदा वेगळा हाय."

पुंजारामांनी पंप उतरवला आणि ते मळ्यात निघून गेले. दुपारी जेवायलाही आले नाहीत. संध्याकाळी आले ते थेट बाजेपाशी. "म्याच तुह्या वाटेत बसलो, पार्वते," ते म्हणाले. "लेकीच्या दारी तुले नेनारी गाडी म्याच बसवली."

"अवो, तुमी काही जानून केलं का?" ती म्हणाली. "अन् सापडलं ना आता? जा, भाकर खा पयले."

सूर्यभानने स्प्रिंगा परत नेल्या. नवे बलून परगावाहून मागवले. दोन्ही मागचे बदलले, कारण उजव्या बाजूलाही तुपाचा तितकाच वाटा मिळाला होता. पार्सल यायला उशीर झाला तसा घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. ते बारशाच्या आदल्या दिवशी आले. सूर्यभानने बसवले, मला उंच केले, आणि या वेळी तिन्ही माणसांनी पाळीपाळीने साबणाचे पाणी मारून पाहिले. मग पार्वताबाईने सगळ्यांना गप्प बसायला सांगितले आणि कान दिला. "काही नाई येत आवाज," ती म्हणाली. तिने सांगितल्यावरच सूर्यभानने हत्यारे आवरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सपाट उभी होते. मूर्तिजापूरच्या पुढे रस्त्याचे काम चालू होते आणि गिट्टी पसरलेली होती. मी अंग उचलून घेतले आणि सगळी गिट्टी माझ्या फुग्यांवर झेलली. मागे पार्वताबाई उशीला टेकून बसली होती. पुंजाराम तिच्याशेजारी अंग चोरून बसले होते, जणू आपले वजनही मला जड होईल. धामणगावला चंदा बाळ घेऊन दारातच उभी होती. पार्वताबाई कोणाचा हात न धरता उतरली, आणि नात मांडीवर घेऊन पाळण्याशी बसली तेव्हा बाळाचे नाव तिनेच कानात सांगितले. आचल हे नाव ठेवले. मला ते अंगणातून ऐकू आले.

यंदाचा पोळा नुकताच झाला. आदल्या संध्याकाळी पुंजाराम छपराखाली आले. हातात वाटी होती आणि पळसाची पानेही होती. त्यांनी माझ्या चाकाकडे पाहिले. मग ते वळले आणि बाजेवर पार्वताबाईच्या पाठीशी बसले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला शेक घ्यायला सांगितले होते. त्यांनी तिच्या खांद्याला तूप-हळद चोळली, पान निखाऱ्यावर धरले, गालाला लावून किती गरम आहे ते पाहिले आणि तिच्या खांद्यावर ठेवले.

"मी का बैल हाओ?" ती म्हणाली.

"वर्षानुवर्षं जू त तुह्याच खांद्यावर होतं," ते म्हणाले. "इथं दुखते का? का खाली?"

"खाली. जरा अजून खाली. हां."

बराच वेळ शेकून झाल्यावर ती म्हणाली, "तिले आवतन त देऊन या." पुंजाराम उठले. हात साबणाने धुतले, कोरडे केले, आणि माझ्या बॉनेटवर ते नुसते ठेवले. जेवायचे आमंत्रण मला मिळाले.

मित्रांनो, मी आता जुनी झाले आहे. हे फुगेही कधीतरी थकतील. तोवर माझी एकच विनवणी आहे. जे तुमचे ओझे वाहतात, मग ते माणूस असो, जनावर असो की यंत्र, त्यांच्यावर माया करा, सढळ हाताने करा. पण हात लावण्याआधी विचारा, दुखते कुठे. आणि ज्याला सांगता येत नाही, त्याच्याजवळ जो दिवसभर बसून आहे त्याला विचारा.